होळीच्या बाजारात कॉर्डरॉयची पँट

होळी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे गोवऱ्या आणि पुरणपोळी येईल. मी सांगतेय ती होळी मात्र वसई गावात आहे. वसई रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरायचं, वसई गावाची बस नाहीतर रिक्षा धरायची आणि होळीला उतरायचं. स्टेशनाजवळच्या इमारतींची गर्दी पाहून नव्या माणसाला वाटतं, इथे कसल्या आल्यात वाड्या! पण गावाकडे सरकलं की अजून केळी दिसतात, पानवेली दिसतात, एखादं बावखल दिसतं. आणि होळीच्या बाजारात तीच वाडीची भाजी जुड्या बांधून समोर येते.

माझ्या आत्येसासूबाई इथल्या. नाताळच्या सुट्टीत त्यांच्याकडे एक फेरी ठरलेली. येताना सुकेळी आणायची, हे वेगळं सांगायला नको. ह्या खेपेला मात्र माझ्या पिशवीत मेंदी रंगाचं सव्वादोन मीटर कॉर्डरॉय होतं. कंबर उंच, खाली घेर, अशी पँट मला शिवून घ्यायची होती.

"घालशील कधी?" असं यजमानांनी विचारलं होतं, आणि प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता. मी अर्धवेळ शिक्षिका. मार्च २०२४ मध्ये राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांच्या पोशाखाबद्दल सूचना काढल्या; त्यात बाईंसाठी साडी किंवा सलवार-कुर्ता-दुपट्टा आणि सरांसाठी शर्ट-पँट. सरांची पँट सभ्य आणि बाईंची नाही, हे गणित मला काही सुटलेलं नाही. असो. शाळेच्या वेळेत मी साडीच नेसते. पण शाळा सुटल्यावर, प्रवासात, सुट्टीत आपण काय घालावं हे तरी आपण ठरवायला नको का? तिशी उलटली, दोन मुलं झाली, म्हणजे पँटचा विषय संपला असं परस्पर कोण ठरवतं?

तयार पँटचं दुखणं तुम्हाला ठाऊक असेलच. कमरेला बसली तर पार्श्वभागावर अडते, तिथे बसली तर कमरेत मूठभर कापड उरतं. म्हणून शिवूनच घ्यायची. आमच्या गल्लीतले शिंपी ब्लाउज आणि फॉल-पिकोच्या पलीकडे जात नाहीत. आत्यांच्या ओळखीचे होळीचे शिंपीकाका मात्र बेलबॉटमच्या काळापासून मशीनवर बसलेले. झीनत अमान, परवीन बाबी यांच्या पँटी बघून सत्तरच्या दशकात पोरं-पोरी त्यांच्याकडे रांग लावायची म्हणे. कापड हातात घेताच त्यांनी आधी उलटा हात फिरवला, मग सुलटा. "लव कुठे जातेय ते बघतोय, ताई," म्हणाले.

ही लव म्हणजे कॉर्डरॉयचा सगळा जीव. विणताना आडवे जादा धागे सैल सोडलेले असतात. कापड तयार झाल्यावर ते मधोमध कापतात आणि ब्रशने उभे करतात, त्याच ह्या उभ्या रेघा. (फ्रेंचमध्ये 'राजाची दोरी' म्हणून हे नाव पडलं, अशी गोष्ट सांगतात. ती नुसतीच गोष्ट आहे. जर्मन लोक तर ह्याला चक्क 'मँचेस्टर' म्हणत आले!) लव एकाच दिशेला झुकते, म्हणून पँटचे सगळे तुकडे एकाच दिशेने बेतावे लागतात. एक पाय सुलटा, एक उलटा बेतला गेला, तर एकाच कापडाच्या पँटचा एक पाय गडद आणि एक फिका दिसतो. ५८ इंच पन्ह्याचं कापड दोन मीटर पुरतं, पण ह्या दिशेच्या भानगडीपायी पाव मीटर जास्तच घ्या. आणि बेतण्याआधी एकदा पाण्यातून काढा; सुती कापड आटतं.

रेघांचंही बघायचं असतं. इंचाला आठ किंवा त्याहून कमी रेघा असल्या तर कापड जाड, रुबाबदार, पण आपल्यासारख्या भरल्या अंगाला ते आणखी भरतं. सोळाच्या पुढची बारीक रेघ मऊ पडते, घेर छान सोडते. मला विचाराल तर तीच घ्या.

मापं चालू असताना आत्या बाकावर बसून सगळं ऐकत होत्या. त्यांचा जन्म वाडीत गेला. लग्न झाल्यापासून नऊवारी, कासोटा घालून. पाटाचं पाणी फिरवलं, केळीचे लोंगर उचलले, सगळं त्यातच. मी मनातून धास्तावले होते, खोटं कशाला सांगू? आत्या काही बोलल्या असत्या तर कापड तसंच पिशवीत परत गेलं असतं. काकांनी पट्टी बेंबीच्या वर धरली, मांडीला घट्ट, गुडघ्याखाली सैल असं खडूने कागदावर काढून दाखवलं. आत्यांनी मान वाकडी करून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हा तर शिवलेला कासोटाच की! आमचा रोज बांधावा लागायचा, एवढाच फरक."

खरंच की हो! कंबर घट्ट, दोन्ही पाय मोकळे, आणि कामाला वाकलं तरी अंग झाकलेलं. आपल्याकडे हे कुणी फॅशन म्हणून आणलेलं नाही. पॅरिसमध्ये १८०० साली असा हुकूम निघाला होता की बाईला पुरुषी पोशाख करायचा तर पोलिसांची परवानगी हवी. पुढे १८९२ आणि १९०९ मध्ये सवलत मिळाली, तीही कशी, तर हातात घोड्याचा लगाम किंवा सायकलचं हँडल असेल तरच! तो हुकूम रद्दबातल आहे हे तिथल्या सरकारने जाहीर केलं २०१३ मध्ये. त्या सगळ्या काळात आपल्या किनाऱ्यावरच्या बाया कासोटा मारून मासळीच्या पाट्या वाहत होत्या, कुणाला न विचारता. पाचूबंदराकडे गेलात तर आजही एखादी म्हातारी कोळीण तशी दिसेल. वाडीतल्या ख्रिस्ती आज्यांचं लाल लुगडंही असंच. पण आता ते आज्यांपुरतंच राहिलं आहे. त्यांच्या सुना गाउनमध्ये किंवा पंजाबी ड्रेसमध्ये, नाती जीन्समध्ये. लुगडं गेलं ह्याची हळहळ सगळेच करतात. त्या लुगड्यातली मोकळीक मात्र मधल्या आपल्या पिढीच्या वाट्याला आलीच नाही, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता शिवून घेतानाच्या काही गोष्टी. पट्टी दोन इंच रुंद, आतून कॅनव्हास घालून. म्हणजे बाळंतपणानंतरचं पोट नीट धरलं जातं. समोर चुण्या नकोत. चेन बाजूला घ्या, पोट सपाट दिसतं. खिसा मागून घ्या, आणि खोल. नाहीतर शिंपी नुसती खिशाची तोंडं शिवून देतात. लांबी मोजताना पायात तीच चप्पल हवी जी पुढे घालणार आहात, आणि काठ जमिनीपासून इंचभर वर. मासिकातल्या मुलींचा घेर जमिनीवर लोळतो, त्यांना बाजारात जायचं नसतं. आणि पँट घालून बघताना आरशासमोर नुसत्या उभ्या राहू नका, मांडी घालून खाली बसा. उंच पट्टी बरगडीत रुतते की काय, हे बसल्यावरच कळतं. माझी पट्टी काकांनी तिथल्या तिथे अर्धा इंच सैल केली.

वर काय घालायचं? लांब कुर्ता मुळीच नको, कंबर झाकली तर उंच कमरेला अर्थ काय! फिक्या रंगाचा सुती शर्ट खोचून घाला, किंवा कमरेपर्यंतचा आखूड कुर्ता. खणाच्या कापडाचा आखूड ब्लाउजवजा टॉपही मेंदी रंगावर फार खुलतो. पायात दीड-दोन इंची जाड टाचेची चप्पल. मंगळसूत्र छोटं असेल तर कॉलरच्या आत-बाहेर कसंही शोभतं; टिकली लावा, न लावा.

दुसऱ्या दिवशी पँट घालून मी किल्ल्यावर जाऊन आले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला तो किल्ला, पडक्या चर्चच्या उंच भिंती, हे सगळं आधी कितीदा तरी साडी सावरत पाहिलं होतं. ह्या वेळी दोन्ही हात मोकळे होते. एक सांगते, डिसेंबरमध्ये तिथलं गवत वाळलेलं असतं आणि कॉर्डरॉयला कुसळं अशी चिकटतात की संध्याकाळ ती वेचण्यात जाते. बंदरावर बोंबील वाळत असतात, त्यांचा वासही हे कापड धरून ठेवतं.

आणि हवा. आपल्या किनारपट्टीवर कॉर्डरॉय डिसेंबर-जानेवारीतच सोसतं. पावसात तर घेर चिखलपाणी पिऊन जड होतो, वाळता वाळत नाही. धुताना उलटी करून धुवा, पिळू नका, इस्त्री उलट्या बाजूने आणि खाली जाड टॉवेल घालून करा, नाहीतर लव कायमची बसते. जूनच्या आधी उन्हात चांगली वाळवून, घडी न घालता हँगरला लावून कपाटात ठेवा. माझ्या कापडातला उरलेला तुकडा आत्यांनी ठेवून घेतला आहे, चष्म्याची पिशवी शिवणार आहेत.