सिंहाला भुवया नसतात

१९९४ च्या ‘लायन किंग’मधला सिम्बा हाताने रेखाटलेला होता. मेलेल्या बापाच्या पंजाखाली शिरून तो निजतो, तेव्हा त्याच्या भुवया, ओठ, डोळ्यांतलं पाणी, सगळं बोलतं. २०१९ मध्ये जॉन फॅवरो यांनी तोच सिनेमा संगणकावर पुन्हा घडवला. पणजीला थिएटरात पाहिला. एकेक केस खरा वाटावा इतका हुबेहूब! पण खऱ्या सिंहाला भुवया कुठल्या? चेहरा कोरडाच राहिला.

माझे बाबा मी नववीत असताना गेले. त्या रेखाटलेल्या छाव्याचं दुःख मला तेव्हा आपलं वाटलं होतं; हा खराखुरा छावा मात्र परकाच. चित्रकार थोडं खोटं काढतो, ते मनातलं खरं दिसावं म्हणून. हुबेहूबपणाच्या नादात नेमकं तेच हरवतं, नाही का?