गाण्याला तारण काय?

बँकेत वीस वर्षं काढली की माणसाला देवळात नवस बोलणारा दिसला तरी 'तारण काय?' असा प्रश्न पडतो. तेव्हा गाण्याबद्दल मी लिहिणं म्हणजे शिमग्यात कीर्तन. पण रेमो फर्नांडिस या गृहस्थांवर लिहायचा हक्क माझाच. कारण त्यांचा सगळा कारभार बँकेच्या नियमांविरुद्ध झालेला आहे.

बँकेत एकानं नोंद करायची आणि दुसऱ्यानं तपासायची, असा दंडक. दोन्ही एकाच हातानं झालं की ऑडिटरला चेव येतो. आणि शिवोलीच्या या माणसानं १९८४ साली काय करावं? गाणी स्वतः लिहिली, चाली स्वतः लावल्या, गिटार, बासरी स्वतः वाजवली, आणि गायलाही स्वतःच. ध्वनिमुद्रण राहत्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर. मग 'गोअन क्रेझी' नावाची ती कॅसेट पिवळ्या स्कूटरवर लादून स्वारी दुकानोदुकानी निघाली. म्हणजे मॅनेजर, क्लार्क, कॅशियर आणि शिपाई एकच! आमच्याकडे अशी शाखा सापडली तर चौकशीच लागेल.

बरं, माणूस शिकलेला. मुंबईच्या जे. जे.त वास्तुशास्त्र झालेलं. घरं बांधायची सोडून चाली बांधत बसला. त्याही सोवळ्या नाहीत. रॉकच्या ठेक्यात गोव्याची लोकगीतं शिरतात, पोर्तुगीज वळणात मध्येच बासरी वाजते. शब्द कधी इंग्रजी, कधी कोंकणी, कधी पोर्तुगीज, पुढं हिंदीसुद्धा. सगळी खाती एकमेकांत मिसळलेली, तरी शेवटी बेरीज जुळते! विषयही चंद्र-चांदण्यांचे नव्हेत. १९८६ च्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये त्यानं मादक पदार्थांनाच फैलावर घेतलं. मग 'जलवा', मग १९९५ च्या 'बॉम्बे'तलं 'हम्मा हम्मा', आणि २००७ साली पद्मश्री. स्कूटरवरची ठेव तेवीस वर्षांनी परिपक्व झाली म्हणायची.

सावंतवाडीकराला खरं तर याचं नवल वाटू नये. आमच्या चितारआळीत लाकूड कातणारं, रंगवणारं आणि गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारं घर पुष्कळदा एकच असतं. लाकडाचा आंबा विकायला जमतं, मग गाणं का नको?

हा प्रश्न सध्या आमच्या घरात तापलाय. भाचा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. मोती तलावाच्या कठड्यावर बसून मालवणीत गाणी रचतो आणि गिटारवर म्हणतो. चांगली असतात, ही खरी पंचाईत. वाईट असती तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म कधीच भरून झाला असता. ताई म्हणते, "तू मामा ना? मग घाल समजूत त्याची."

समजूत घालायला गेलो, तर त्यानंच विचारलं, "मामा, गाण्यांवर कर्ज गावतला काय?"

"नाय."

"आणि स्कूटरवर?"

आता कॅसेटी गेल्या. गाणं फोनवरून घरोघर पोचतं. पण गायला जायचं तर बांद्यापलीकडं गोवा पडलाय, आणि रात्री कार्यक्रम संपल्यावर परतीची एस्टी कुठली? मी फॉर्म काढला. कुणाला जामीन राहू नये, हा बँकेतल्या माणसाचा पहिला धर्म. ताईला अजून सांगितलेलं नाही, पण जामीनदाराच्या रकान्यात सही माझीच आहे.