गेटवरचा वॉचमन आणि मागची भिंत

मंडळी, हॉस्टेलात राहणाऱ्याला दोन गोष्टी कोणी शिकवाव्या लागत नाहीत. एक, रात्री उशीर झाला की गेटवर वॉचमनच्या रजिस्टरात सही केल्याशिवाय आत येता येत नाही. आणि दुसरी, मागची भिंत नेमकी कुठे बुटकी आहे! हा लेख या दोन्ही गोष्टींबद्दल आहे. फक्त यातलं गेट लॅपटॉपमधलं आहे.

फायनल इयरला आम्ही चौघांनी प्रोजेक्ट घेतलं ते मेसच्या हिशोबाचं. कोण किती दिवस जेवला, किती दिवस गावाला गेला, गेस्ट किती आणले, हे भरलं की महिन्याचं बिल तयार. भाषा पायथॉन, आणि कोड ठेवायला गिट. लिनस टोरवाल्ड्सने 2005 साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेलं तेच हे गिट. चौघांनी चार ठिकाणी बसून एकच प्रोग्रॅम लिहायचा, कोणी कधी काय बदललं याची नोंद राहणार, आणि बिघडलंच तर मागे जाता येणार. सिनियर लोकांच्या काळी म्हणे 'फायनल', 'फायनल दोन' आणि 'खरंच फायनल' अशी फोल्डरं पेनड्राइव्हवर फिरायची. आम्ही सुधारलेलो होतो. निदान तसं वाटत होतं.

पहिल्या रिव्ह्यूला गाईड सर आणि एचओडी सर समोर बसलेले, आणि प्रोग्रॅम सुरूच होईना. स्क्रीनवर 'सिंटॅक्स एरर'. फाइल उघडली तर बिलाच्या कोडमध्ये मधोमध एकाच चिन्हाची सात-सातची रांग! दोघांनी त्याच ओळी बदलल्या की गिटला ठरवता येत नाही. मग ते दोघांचंही लिखाण फाइलमध्ये ठेवतं आणि मध्ये अशा खुणा घालतं, की बाबांनो, आता तुमचं तुम्ही बघा. आपण बघायचं असतं आणि खुणा पुसायच्या असतात. कोणीतरी त्या तशाच ठेवल्या होत्या.

'कोणीतरी' कशाला, मला तर खात्रीच होती. आमच्यातला एक जण डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला, गिट त्याला नवीन. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "सर, याला पन्नासदा सांगितलंय, न बघता कोड ढकलू नकोस म्हणून." तो काहीच बोलला नाही. त्याचे कान फक्त लाल झाले. सर म्हणाले, "पुढच्या सोमवारी या."

रूमवर येऊन मी 'गिट ब्लेम' चालवलं. ही कमांड प्रत्येक ओळीपुढे ती शेवटची कोणी बदलली त्याचं नाव छापते. नाव माझं होतं. वेळ, रात्रीचे 2 वाजून 40 मिनिटं. झोपेच्या धुंदीत मर्ज मीच उरकलं होतं.

त्याच्या रूमवर जाऊन कसंबसं सांगितलं. तो म्हणाला, "मला तेव्हाच माहीत होतं. मी अकरालाच झोपलो होतो."

"मग तिथं बोलला का नाहीस?"

"सरांसमोर तुझा पचका केला असता तर प्रोग्रॅम चालू झाला असता का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग आम्ही दोघांनी बसून वॉचमन नेमला. गिटच्या प्रत्येक रिपॉझिटरीत 'डॉट गिट' फोल्डरच्या आत 'हुक्स' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात 'प्री-कमिट' नावाची स्क्रिप्ट ठेवायची आणि तिला चालण्याची परवानगी द्यायची. मग कमिट होण्याआधी गिट ती चालवतं. स्क्रिप्टने शून्य परत दिलं तर कमिट होतं, शून्य सोडून काहीही दिलं तर रद्द. आमची स्क्रिप्ट 11 ओळींची. कामं तीनच. 'गिट डिफ'ला 'कॅश्ड' आणि 'चेक' हे पर्याय देऊन त्या सात-सातच्या खुणा राहिल्यात का ते बघायचं, पायथॉनच्या फाइली कंपाइल होतात का ते बघायचं, आणि बिलाच्या टेस्ट चालवायच्या.

एक गंमत मात्र उशिरा कळली. हे 'हुक्स' फोल्डर क्लोनबरोबर दुसऱ्याकडे जातच नाही! म्हणजे वॉचमन फक्त आमच्या दोघांच्या गेटवर. मग स्क्रिप्ट प्रोजेक्टच्याच एका फोल्डरमध्ये ठेवली, आणि चौघांनी आपापल्या मशीनवर 'कोअर डॉट हुक्सपाथ' हे सेटिंग एकदा करून घेतलं.

सोमवारचा रिव्ह्यू नीट झाला. पण टेस्ट वाढत गेल्या आणि प्रत्येक कमिटला दीड मिनिट थांबावं लागायला लागलं. आणि एका रात्री मला भिंत सापडली. कमिटला 'नो-व्हेरिफाय' जोडलं की वॉचमनला कोणी उठवतच नाही. मारली उडी! सकाळी कोणाचंच बिल निघेना. त्याने विचारलं, "काल हुक चालला होता ना रे?" मी म्हणालो, "हो."

रिव्ह्यूमध्ये मी चुकून खोटं बोललो होतो. हे मात्र जाणूनबुजून होतं. जेवणाच्या वेळेपर्यंत कसाबसा दम धरला आणि मेसच्या लाइनीतच त्याला खरं सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने एवढंच विचारलं, "उडी का मारलीस?"

"दीड मिनिट लागतं यार."

"मग ते कमी करू की."

केलं. लॅपटॉपवर फक्त दोन-तीन सेकंदांच्या तपासण्या ठेवल्या. लांबलचक टेस्ट हलवल्या त्या सामायिक रिपॉझिटरी असलेल्या जुन्या डेस्कटॉपवर, 'प्री-रिसीव्ह' हुकमध्ये. कोणी पुश केलं की तो आधी सगळ्या टेस्ट चालवतो, एक जरी नापास झाली तरी पुश नाकारतो. 'नो-व्हेरिफाय' तिथे चालत नाही, कारण तो हुक आपल्या मशीनवर नसतोच. त्यानंतर भिंतीकडे जायची मला गरजच पडली नाही. वॉचमन फार वेळ खोळंबून ठेवायला लागला की माणूस भिंत शोधतो, हे आम्हाला तेव्हा कळलं.

फायनल डेमोला रेक्टर सरांनी सहज विचारलं, "फेब्रुवारीचं बिल 30 दिवसांचं कसं?" आम्ही गार! कोडमध्येही 30 आणि टेस्टमध्येही 30. वॉचमन रजिस्टरात जे लिहिलंय तेच तपासणार, रजिस्टरच चुकलं तर तो बिचारा काय करणार? एक्स्टर्नल हसले, मार्क थोडे कापले. रात्री आम्ही फेब्रुवारीची टेस्ट लिहिली, लीप वर्षाचीही लिहिली.

ती 30 ची ओळ कोणी लिहिली होती, हे मात्र कोणी शोधलं नाही. 'गिट ब्लेम' कोणी चालवलंच नाही.

ज्युनियर मंडळी, स्क्रिप्ट हवी असेल तर रूमवर या. चहा तुमच्याकडून!