पटाची जोडी आणि दहा चेंडू

मोल कशाचें करावयाचें, श्रमाचें कीं प्रसंगाचें, हा वाद फार जुना आहे. वर्षभर नांगर ओढणाऱ्या बैलांपेक्षां शंकरपटांत कांहीं क्षण धांवणाऱ्या जोडीला अधिक पैसे मोजणारा शेतकरी आम्हां वऱ्हाडकरांना नवा नाहीं. तळेगांव दशासरच्या पटाला ज्यांनीं एकदां तरी हजेरी लावली आहे, त्यांना ठाऊकच आहे कीं, तेथें वर्षाच्या खुराकाचा आणि मायेचा हिशोब डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होऊन जातो. अशा शेतकऱ्याला घरचीं माणसें खुळा म्हणतात. आणि जोडी जिंकून आली म्हणजे तींच माणसें तिला ओवाळतात!

हाच वाद नोव्हेंबर २०२४ मध्यें जेद्दा येथें भरलेल्या आयपीएलच्या लिलावानें आमच्या ओसरीवर आणून ठेवला. अमरावतीचे यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्मा यांच्यावरील बोली ७ कोटींपर्यंत चढली, तेव्हां त्यांच्या जुन्या पंजाब संघानें त्या किमतीस त्यांना परत घेण्याचा आपला हक्क पुढें केला. त्यावर बंगळूरच्या संघानें आंकडा एकदम ११ कोटींवर नेला आणि पंजाबनें माघार घेतली. त्याच लिलावांत अकोल्याचे सलामीचे फलंदाज अथर्व तायडे ३० लाखांस हैदराबादच्या संघाकडे गेले. सलामीचा फलंदाज मनांत आणील तर डावाचे सगळे १२० चेंडू पाहूं शकतो. शर्मांचें काम डावाच्या अखेरीस येऊन दहा-बारा चेंडूंत काय तें उरकण्याचें. अकोला आणि अमरावती यांमधील अंतर दोन-तीन तासांचें. लिलावानें तें एवढें कसें वाढविलें?

आमचे एक हिशोबी स्नेही म्हणतात कीं, यांत नवल कांहींच नाहीं. त्या लिलावांत प्रत्येक संघाची थैली १२० कोटींची होती आणि डाव १२० चेंडूंचा. म्हणजे चेंडूमागें एक कोटी, आणि ११ चेंडूंचे ११ कोटी! हिशोब गोड आहे, पण लंगडा आहे. त्याच थैलींतून गोलंदाजही घ्यावयाचे असतात. उलटपक्षीं, यष्टींमागें उभा राहणारा मनुष्य प्रतिपक्षाच्या डावाचे १२० चेंडू डोळ्यांत तेल घालून पाहत असतो, हें आमचे स्नेही विसरतात. तेव्हां ही त्रैराशिकाची रीति आपण सोडून देऊं.

खरी अडचण निराळीच आहे. थोड्या कामावरून माणसाची पारख होत नाहीं. पंजाबकडून २०२४ मध्यें शर्मांनीं १४ सामन्यांत १४२ चेंडू खेळून १८७ धावा केल्या. बंगळूरकडून २०२५ मध्यें १५ सामन्यांत १४८ चेंडूंत २६१. मनुष्य तोच, हात तेच, चेंडूही जवळजवळ तितकेच. यांतील कोणता आंकडा खरा मानावयाचा? अमेरिकेंत फुटबॉल या नांवानें जो खेळ चालतो, त्यांत पायाचें काम फार थोडें. पण जें आहे तें करणारा एक स्वतंत्र खेळाडू ठेवलेला असतो. तो पटांगणावर क्षणभर येतो, चेंडू लाथाडतो आणि पुष्कळदां सामन्याचा निकालच लावून जातो. तेथें खेळाडू पाळीपाळीनें निवडतात. रॉबर्टो अग्वायो याच्याकरितां टॅम्पा बेच्या संघानें २०१६ सालीं दुसरी फेरी खर्चिली. एका मोसमानंतर त्याला निरोप द्यावा लागला. सेबॅस्टियन यानिकोव्हस्की हा २००० सालीं पहिल्याच फेरींत निवडला गेला आणि अठरा मोसम खेळला. आणि ज्या ॲडम व्हिनॅटिएरीला १९९६ सालीं कोणीच निवडलें नव्हतें, त्यानें पुढें त्या खेळांत सर्वांपेक्षां अधिक गुण मिळविले! ज्या कामाचें मोल एवढें बेभरंवशाचें, त्यासाठीं पहिली पाळी खर्चणें शहाणपणाचें नव्हे, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं.

मग बंगळूरचा निर्णय चुकला काय? २७ मे २०२५ रोजीं लखनौ येथें २२८ धावांचें लक्ष्य गांठतांना शर्मांनीं ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा केल्या. ३ जूनला अंतिम सामन्यांत त्यांनीं १० चेंडूंत २४ धावा काढल्या, आणि बंगळूरनें तो सामना अवघ्या ६ धावांनीं जिंकून अठराव्या मोसमांत पहिलें विजेतेपद मिळविलें. परंतु यशावरून निर्णयाची परीक्षा करणें हा आळशी न्याय होय. सहा धावा इकडच्या तिकडे झाल्या असत्या, तर हेच ११ कोटी उधळपट्टी ठरले असते. आमच्या मतें तो निर्णय योग्य होता, पण दुसऱ्या कारणासाठीं. त्या मोसमांत विराट कोहलींनीं ६५७ धावांचा पाया घातला होता. लखनौसही दुसऱ्या टोकाला मयंक अगरवाल शेवटपर्यंत उभे होते. अखेरचे दहा चेंडू सोन्याचे होतात, ते आधींचे शंभर कोणीं तरी नीट खेळलेले असले तरच. गोठ्यांत नांगराची जोडी असेल त्यानें पटाची जोडी खुशाल घ्यावी. जिचें शेत पडीक आहे तिच्या धन्यानें ती घेतली, तर घरचीं माणसें त्याला जें म्हणतात तेंच आम्हीही म्हणूं.

हा प्रश्न लक्षाधीशांपुरता राहिला असता, तर आम्हीं लेखणी उचलली नसती. पण अकोल्याच्या एका मित्रांचा चौदा वर्षांचा मुलगा हल्लीं केवळ उंच फटक्यांचा सराव करतो. डाव बांधणें हें त्याला वेळेचा अपव्यय वाटतें. शाळेविषयींही त्याचें मत तेंच आहे. वडिलांनीं आमचा सल्ला विचारला. आम्हीं त्यांना ११ कोटींच्या मागची वाट दाखविली. शर्मांना २०१६ सालीं मुंबईनें १० लाखांस घेतलें, पण एकही सामना खेळविलें नाहीं. २०२२ सालीं पंजाबनें २० लाखांस घेतलें, तेव्हां कोठें पहिला सामना मिळाला. मधलीं वर्षें त्यांनीं विदर्भाच्या संघांतून खेळून काढलीं. तीं वर्षें लिलावांत पुकारलीं जात नाहींत. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचीं मुलें १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले खेळ दाखवून आलीं, तीं कांहीं कोणी बोली लावील म्हणून अंग कमावून बसलीं नव्हतीं. १९१४ पासून त्या आखाड्यांत आधीं सबंध शरीर घडविण्याची रीत होती.

बोलीवरून त्या दिवशीं कोणाला कशाची निकड होती एवढेंच कळतें. आपल्या मुलाचें मोल त्या आंकड्यानें करणाऱ्या आईबापांना, तो आंकडा न मिळालेल्या शेंकडों चांगल्या मुलांचें काय करावें, हेंही ठरवावें लागेल. मित्रांच्या चिरंजीवांस आम्हीं इतकेंच सांगितलें आहे कीं, आधीं तासभर नाबाद राहून दाखवावें, मग हवे तितके उंच फटके मारावे. चिरंजीव सध्यां आमच्यावर रुष्ट आहेत. पण गेल्या रविवारीं ते चाळीस मिनिटें टिकले, असें त्यांच्या मातोश्रींकडून कळतें.