मदुराईतला पंचा

मुलांच्या फॅन्सी ड्रेस स्पर्धेसाठी तुमच्याही घरात कधीतरी गांधीजी तयार झाले असतील. लागतं तरी काय? एक पंचा, गोल चष्मा आणि आजोबांची काठी. दोन वर्षांपूर्वी बंगळुरूतल्या आमच्या घरीही असेच गांधीजी तयार झाले. शाळेचं नाटुकलं होतं १९१७ च्या चंपारण सत्याग्रहावर. सासूबाईंनी कपाटातून मऊ झालेलं जुनं धोतर काढलं, मी ते फाडून गुडघ्यापर्यंतचा पंचा केला आणि आमच्या सात वर्षांच्या गांधीजींना पहिलं बक्षीस मिळालं. तो फोटो अजून आमच्या फ्रिजवर आहे.

तो पोशाख चुकीचा होता, हे मला मदुराईला गेल्यावर कळलं. चंपारणला गांधीजी पंचा नेसून गेलेच नव्हते!

गाडीत पाहिलेला चित्रपट

तुम्ही मदुराईला जाल ते मीनाक्षी मंदिरासाठी. आम्हीही त्यासाठीच निघालो होतो. रात्रीच्या गाडीत लेकाला झोप येईना, म्हणून मोबाइलवर ‘गांधी’ लावला. रिचर्ड अ‍ॅटनबरो यांचा १९८२ चा हा चित्रपट तुम्ही पाहिला असेलच. त्यात कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी आपल्या मराठी रंगभूमीच्या. आणि त्यातल्या भारतीय पोशाखांमागे होत्या कोल्हापूरच्या भानू अथैया. त्यांना या कामासाठी जॉन मोलो यांच्याबरोबर ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय.

त्यांचं काम किती अवघड होतं, याचा विचार करून बघा. चित्रपटातला काळ १८९३ ते १९४८. सुरुवातीला सुटाबुटातला तरुण बॅरिस्टर, शेवटी उघड्या अंगाचा म्हातारा. मधल्या ५५ वर्षांत एकाच माणसाचे कपडे कितीदा तरी बदलले. दक्षिण आफ्रिकेत त्यांनी कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी आणि बूट-मोजे घालायला लावले होते, हे त्यांनी आत्मकथेतच लिहिलं आहे. १९१५ च्या जानेवारीत मुंबईला उतरले तेव्हा अंगावर काठियावाडी पोशाख आणि डोक्याला फेटा होता. पुढे पांढरी टोपी आली. ज्या टोपीला आपण आजही ‘गांधी टोपी’ म्हणतो, ती गांधीजींनी स्वतः जेमतेम दोन-तीन वर्षं घातली.

चित्रपटात एक प्रसंग आहे. देश पाहायला निघालेले गांधीजी एका नदीवर येतात. समोर फाटक्या वस्त्रातली एक गरीब बाई. ते आपल्याजवळचं पांढरं कापड पाण्यावर सोडतात आणि ते वाहत वाहत तिच्यापर्यंत जातं. बोलणं जवळजवळ नाहीच. माझे डोळे भरून आले. लेकाने विचारलं, “आई, म्हणून ते पंचा नेसायला लागले का?”

मी बिनधास्त “हो” म्हणून टाकलं.

मासी वीथीतलं घर

मदुराईचं जुनं गाव मीनाक्षी मंदिराभोवती चौकोनात चौकोन काढल्यासारखं वसलं आहे. रस्त्यांना तमिळ महिन्यांची नावं आहेत. चित्तिरै, आडी, मासी. दर्शन घेऊन, केसांत मदुराईची मल्ली माळून आम्ही पश्चिम मासी वीथीकडे वळलो. दुकानांच्या गर्दीत एक घर आहे. तुम्ही सहज पुढे निघून जाल, म्हणून पाट्या वाचत चला. सप्टेंबर १९२१ मध्ये गांधीजी इथे मुक्कामाला होते. मी गेले तेव्हा खाली खादीचं दुकान होतं.

इथे काय घडलं, ते गांधीजींनीच नंतर सांगितलं आहे. मद्रासहून मदुराईला येताना त्यांच्या डब्यात बरीच माणसं होती, बहुतेकांच्या अंगावर परदेशी कापड. गांधीजी त्यांना खादी वापरा म्हणून समजावू लागले. लोकांनी माना हलवल्या. खादी महाग आहे, आम्ही गरीब आहोत, आम्हाला परवडत नाही, असं त्यांचं म्हणणं.

हे ऐकताना गांधीजींच्या अंगात बंडी होती, डोक्यावर टोपी होती आणि नेसूला पूर्ण लांबीचं धोतर होतं. लोकांचं म्हणणं अर्धंच खरं आहे, हे त्यांना कळत होतं. पण ज्यांच्याकडे लंगोटीपुरतंच कापड आहे अशा लाखोंना, एवढे कपडे अंगावर असताना, आपण काय उत्तर देणार? हा प्रश्न त्यांना सुटेना. २२ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी बंडी, टोपी आणि लांब धोतर गेलं आणि पंचा आला. त्या वेशात ते मदुराईत जिथे पहिल्यांदा लोकांसमोर आले, ती जागा आज ‘गांधी पोट्टल’ म्हणून ओळखली जाते.

गंमत म्हणजे ही प्रतिज्ञा सुरुवातीला फक्त ३१ ऑक्टोबरपर्यंत होती. जेमतेम पाच-सहा आठवडे! पण ती शेवटपर्यंत टिकली. १९३१ मध्ये लंडनला बकिंगहॅम राजवाड्यात बादशहाला भेटायला गेले, तेही याच वेशात.

मी लेकाकडे पाहिलं. रात्रीचं माझं “हो” आता मागे घ्यायला हवं होतं.

काचेच्या पेटीतलं कापड

मासी वीथीवरून रिक्षा करा आणि वैगै नदी ओलांडून गांधी स्मारक संग्रहालयात जा. आम्ही पुलावरून गेलो तेव्हा नदीत पाणी नावालाच होतं. संग्रहालय राणी मंगम्माळच्या तमुक्कम महालात आहे. १९५९ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं उद्घाटन केलं. ऊन कडक असतं, सकाळीच जा, आणि निघण्यापूर्वी वेळ विचारून घ्या.

आत फोटो आहेत, पत्रं आहेत, वस्तू आहेत. मग एका काचेपाशी माणसं आपोआप हळू बोलायला लागतात. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींच्या अंगावर असलेलं, रक्ताचे डाग पडलेलं वस्त्र तिथे ठेवलेलं आहे.

ज्या गावात पंचा आला, त्याच गावात हे शेवटचं वस्त्र आहे. दोन्हींमध्ये रिक्षाचा थोडासा प्रवास आणि २६ वर्षं. सासूबाई कितीतरी वेळ काचेसमोर उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, “आपण ते धोतर उगाच फाडलं गं.”

एवढं काय बिघडतं?

तुम्ही म्हणाल, पंचा चार वर्षं आधी दाखवला तर काय बिघडलं? सिनेमा आहे, शाळेचं नाटक आहे, माणूस ओळखू आला म्हणजे झालं. मीही असंच म्हणत होते.

नदीचा तो प्रसंग खोटा भाव दाखवत नाही. चंपारणमधल्या एका खेड्यात कस्तुरबांना एक बाई भेटली होती. अंगावरच्या एका साडीशिवाय तिच्याकडे दुसरं वस्त्रच नव्हतं. तीन तासांच्या चित्रपटात ५५ वर्षं बसवायची तर दिग्दर्शकाला काहीतरी गाळावंच लागतं. एका माणसाचं सगळं आयुष्य एका कथेत मावत नाही, हे चित्रपट सुरुवातीलाच मान्य करतो.

पण दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. नदीवर गांधीजी देणारे आहेत आणि समोरची बाई घेणारी. ती एक शब्दही बोलत नाही. मदुराईच्या गाडीत मात्र लोक उलट बोलले. तुमचं म्हणणं आम्हाला परवडत नाही, असं त्यांनी देशातल्या सगळ्यात मोठ्या पुढाऱ्याला तोंडावर सांगितलं. आणि बावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या पुढाऱ्याने स्वतःचे कपडे बदलले. १९१७ च्या गांधीजींना पंचा नेसवला की ही माणसं गोष्टीतून निघून जातात. मग पंचा त्यांच्या अंगावर जन्मापासूनच होता असं वाटतं, तो त्यांनी ठरवून घेतला होता हे विसरायला होतं.

म्हणून पुढच्या वेळी ऐतिहासिक चित्रपट बघताना घरच्यांबरोबर एक खेळ खेळा. पडद्यावरचं साल कोणतं, ते बघा. त्या साली ही व्यक्ती काय घालत असे, ते जुन्या फोटोत किंवा चित्रात शोधा. आणि फरक सापडला तर नुसती चूक काढून थांबू नका. कपडे कधी आणि का बदलले, ते विचारा. खरी गोष्ट बहुतेक वेळा तिथेच सापडते.

परतीच्या गाडीत मी लेकाला सगळं नीट सांगितलं. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, “म्हणजे माझं बक्षीस परत द्यायचं?”

बक्षीस परत दिलं नाही. फ्रिजवरच्या फोटोखाली मात्र त्याने त्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘हे १९१७ नाही. हे १९२१ नंतरचे गांधीजी आहेत.’