शाळामास्तर आणि पंतप्रधान

शाळामास्तराच्या मनांत एक लहानसा अहंकार नेहमीं दडलेला असतो. चाळीस मुलांचा वर्ग ज्याला नुसत्या नजरेनें शांत करतां येतो, त्याला एखादें राज्य चालविणें अवघड जाऊं नये, असें त्याला मनोमन वाटत असतें. बत्तीस वर्षें मास्तरकी केल्यामुळें मीही या अहंकारापासून मुक्त नव्हतों. गेल्या वर्षीं नायजेरियांत नोकरीस असलेला माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला, आणि त्यानें गंमत म्हणून तिकडची पांच नायराची एक नोट माझ्या हातावर ठेवली. "गुरुजी, हे गृहस्थ तुमच्याच पेशाचे बरें का!" तो हंसत म्हणाला. "या नोटेला आतां तिकडे फारसें कांहीं मिळत नाहीं, पण चित्र जपून ठेवा."

नोटेवर शांत मुद्रेचे एक गृहस्थ होते : सर अबूबकर तफावा बालेवा, नायजेरियाचे पहिले पंतप्रधान. त्यांच्याविषयीं मिळेल तें मी वाचीत गेलों, आणि माझा अहंकार बराच उतरला.

बालेवांचा जन्म १९१२ सालीं उत्तर नायजेरियांतील बाउची भागांत, एका सामान्य घरांत झाला. सत्ता अमीरांच्या घराण्यांत नांदत होती. बालेवांचे वडील अशाच एका अधिकाऱ्याच्या पदरीं होते. कत्सिना येथील कॉलेजांतून शिक्षक होऊन ते १९३३ मध्यें बाउचीला परतले आणि पुढें तेथेंच मुख्याध्यापक झाले. १९३४ मध्यें त्यांची 'शेहू उमर' ही हौसा भाषेंतील छोटीशी कादंबरी प्रसिद्ध झाली. गुलामांच्या व्यापारांत आईपासून दुरावलेला एक मुलगा वाळवंटापलीकडे वाढतो, विद्वान होतो आणि पुढें शिष्यांनीं विचारल्यावरून आपली कथा त्यांना सांगतो. दुःख सोसावें, पण मनाचा तोल जाऊं देऊं नये, हा त्या नायकाचा स्वभाव. लेखकाचाही तोच असावा.

१९४५ मध्यें ते शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठीं लंडनला गेले. तेथें त्यांनीं निर्भयपणें वावरणारी आणि कायदा आपलाच म्हणून पाळणारी माणसें पाहिलीं. परतल्यावर आपल्याला नवे डोळे मिळाले, असें ते सांगत. त्या डोळ्यांनीं त्यांनीं प्रथम आपल्याच घराकडे पाहिलें. १९५० मध्यें उत्तर प्रांताच्या विधिमंडळांत, ज्यांच्या छायेंत ते वाढले त्या अमीरांच्या कारभाराची चौकशी व्हावी, अशी मागणी त्यांनीं केली. अमीरांचा धाक ज्याला ठाऊक आहे त्यालाच या भाषणाचें मोल कळेल.

पुढें १९५२ मध्यें ते बांधकाममंत्री झाले, १९५४ मध्यें वाहतूकमंत्री. नायजेरियाची एकता ही केवळ इंग्रजांची मनीषा आहे, असें १९४८ मध्यें म्हणणारा हा माणूस १९५५ मध्यें जलमार्गांची व्यवस्था पाहण्यासाठीं अमेरिकेला गेला. नाना वंशांचे लोक एका राष्ट्रांत नांदूं शकतात, हें तेथें त्याच्या मनानें घेतलें. नद्यांची वाहतूक पाहावयास जावें आणि देशाविषयींचें मतच बदलून यावें, हें मला फार आवडलें. चुकलेलें उत्तर पुसून पुन्हां गणित मांडण्याची लाज ज्याला वाटत नाहीं, तो खरा शिक्षक.

१९५७ मध्यें ते पंतप्रधान झाले आणि प्रमुख पक्षांना एकत्र घेऊन त्यांनीं मंत्रिमंडळ बनविलें. १ ऑक्टोबर १९६० रोजीं देश रक्तपाताविना स्वतंत्र झाला, यांत त्यांच्या संयमाचा वांटा मोठा होता. मात्र एक गोष्ट विसरतां येत नाहीं. त्यांच्या पक्षाचे अध्यक्ष, सोकोतोचे सरदौना अहमदू बेलो, उत्तर प्रांताचें मुख्यमंत्रिपद सोडून राजधानीला गेलेच नाहींत. तेथें त्यांनीं बालेवांना धाडलें. देशाचा पहिला माणूस स्वतःच्या पक्षांत दुसराच राहिला.

या दुय्यमपणाची किंमत पुढें दिसली. १९६२ मध्यें पश्चिम प्रांताच्या सत्ताधारी पक्षांत फूट पडली आणि विधिमंडळांत मारामारी झाली. तो पक्ष केंद्रांत विरोधी बाकांवर होता. बालेवांच्या सरकारनें चार दिवसांत आणीबाणी पुकारली. १९६५ च्या ऑक्टोबरांत त्याच प्रांतांत निवडणूक झाली. गैरप्रकारांचा बोभाटा झाला, घरें जळालीं, माणसें मेलीं. परंतु आतां तेथील मुख्यमंत्री बालेवांच्या पक्षाचे मित्र होते. आणीबाणी पुकारली गेली नाहीं. बालेवांनीं वाट पाहिली.

हें वाचतांना मीं पुस्तक मिटलें. कारण मला माझी शाळा आठवली. मी उपमुख्याध्यापक असतांना एका गरीब शिक्षकाचा, उशिरां आल्याबद्दल, त्याच दिवशीं पगार कापला होता. त्याच वर्षीं व्यवस्थापकांपैकीं एकाच्या नात्यांतील मुलाचे गुण वाढविले गेले. एका तरुण सहकाऱ्यानें तें उघड माझ्यापुढें मांडलें. मीं म्हटलें, "वार्षिक परीक्षा पार पडूं द्या, मग पाहूं." मे महिन्याच्या सुटींत तो राजीनामा देऊन गेला. जातांना एक शब्दही बोलला नाहीं. हजेरीपट मात्र नीट बांधून माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी इतकीं वर्षें त्या वागण्याला संयम म्हणत आलों होतों. दुबळ्याशीं तत्पर आणि बळवंताशीं धीराचा, असा जो संयम, त्याला दुसरें नांव आहे.

१९६६ च्या जानेवारींत ११ आणि १२ तारखेस ऱ्होडेशियाच्या प्रश्नावर राष्ट्रकुलांतील देशांची परिषद लागोसला भरली होती. बालेवा यजमान होते. दूरच्या देशांतील अन्यायाचा विचार झाला आणि पाहुणे पांगले. १५ तारखेच्या पहांटे लष्करांतील कांहीं तरुण अधिकाऱ्यांनीं बंड केलें. त्याच बंडांत अहमदू बेलो मारले गेले, पश्चिमेचे मुख्यमंत्रीही. बालेवांना घरांतून नेण्यांत आलें. कांहीं दिवसांनीं त्यांचें प्रेत लागोसबाहेर रस्त्याच्या कडेला सांपडलें. पुढच्याच वर्षीं देश यादवी युद्धांत लोटला गेला.

वेळींच कठोर झाले असते तर हें टळलें असतें, असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. त्यांच्यापुढें सारा देश होता, आणि माझ्यापुढें एक गुणपत्रक. त्यांनीं एके काळीं अमीरांना तोंडावर सुनावलें होतें. मीं तेवढेंही कोणाला सुनावलें नाहीं. ती नोट मीं माझ्या शब्दकोशांत ठेवली आहे. कोश उघडतांना ती कधीं कधीं हातीं लागते, आणि त्या सहकाऱ्याचा पत्ता शोधावा असें पुन्हां मनांत येतें. तें कामही मी अजून उद्यांवरच ढकलीत आहें.