एकही निरपराध मरणार नाही?

मागच्या रविवारी भाच्याला चप्पल घ्यायला शहागंजला घेऊन गेलो होतो. आदल्या रात्री त्याने मोबाइलवर एक सिनेमा पाहिला होता. घड्याळ टॉवरजवळ गर्दीतून वाट काढताना त्याने मध्येच विचारलं, "मामू, हिरो तो बोला था ना, एक भी बेकसूर नहीं मरेगा? फिर उसने पूल उडाया तब बस में कौन था?"

"पिक्चर है बेटा," म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न डोक्यातून जाईना, कारण आम्ही उभे होतो ती जागाच तशी होती.

११ मे २०१८ च्या रात्री मोतीकारंजाकडे पेटलेली दंगल गांधीनगर, राजाबाजार करत शहागंजपर्यंत आली. दुकानं जळाली. दोन जीव गेले. एक सतरा वर्षांचा मुसलमान मुलगा आणि एक आगीत सापडलेले वृद्ध हिंदू गृहस्थ. त्या रात्री दोन्हीकडून जे बाहेर पडले, त्यांतल्या बहुतेकांना आपण आपल्या माणसांना वाचवायलाच निघालो आहोत असं वाटत असणार. हिरोलाही तसंच वाटतं.

माझी दादी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. तिच्या आयुष्याचे दोनच भाग होते : पोलिस ॲक्शनच्या आधी आणि नंतर. आधीच्या काळात लातूरचे वकील कासिम रझवी मुसलमानांचे तारणहार बनून भाषणं ठोकत होते आणि त्यांचे रझाकार निरपराध हिंदूंना लुटत, मारत होते. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या. पाच दिवसांत निजामाची राजवट संपली. ती संपायलाच हवी होती. पण त्यानंतर जे झालं ते पाहायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. कारवाईच्या काळात आणि नंतर मिळून २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. त्यांत बहुतेक मुसलमान होते. उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत सर्वाधिक. तो अहवाल सरकारने कित्येक दशकं लोकांसमोर आणला नाही. रझवी तुरुंगातून सुटून १९५७ मध्ये पाकिस्तानला निघून गेले.

दादीचा थोरला भाऊ त्यात गेला. तो बांगड्या विकत गावोगाव फिरायचा. दादी सांगायची, "भाई गेला त्याचं दुःख आहेच. पण लोक म्हणायचे, रझाकार असेल, म्हणून मारला. ते जास्त लागलं."

मला वाटतं, हिरोच्या शपथेतली खरी गोम इथेच आहे. 'एकही निरपराध मरणार नाही' असं एकदा जाहीर केलं, की मेलेल्या प्रत्येकाला अपराधी ठरवावंच लागतं. तो रझाकार असेल. तो दगड मारत असेल. नाहीतर इतक्या रात्री बाहेर कशाला होता? शपथ माणसं वाचवत नाही, ती मेलेल्यांची बदनामी करते.

आपल्या दीनमध्येही अशी शपथ मला सापडत नाही. हुकूम सापडतात. हजरत अबू बकर (रजि.) यांनी फौज पाठवताना बजावलं होतं की बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका. आणि हुकूम असूनही चूक झाली तर काय करायचं, हेही सापडतं. मक्का जिंकल्यानंतर हजरत खालिद बिन वलीद (रजि.) यांच्या तुकडीकडून बनू जझीमा कबिल्याची माणसं नाहक मारली गेली. खालिद म्हणजे केवढा मोठा सेनापती! तरी प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हात वर करून अल्लाहसमोर सांगितलं की, खालिदने जे केलं त्याच्याशी माझा संबंध नाही. मग हजरत अली (रजि.) यांना दियत, म्हणजे खुनाची भरपाई, घेऊन पाठवलं. अलींनी कुत्र्याच्या पाण्याच्या भांड्याचीही किंमत मोजून दिली. 'ते शत्रूच होते' असं कुणी म्हटलं नाही.

सुंदरलाल समितीने आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्या दिवसांत हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना स्वतःचा जीव धोक्यात घालून वाचवलं. त्यांनी कसली शपथ घेतली नव्हती. समोरचा माणूस त्यांना ठाऊक होता, एवढंच.

१७ सप्टेंबरला मी झेंड्याला सलाम करतो आणि घरी येऊन दादीच्या भावासाठी फातिहा पढतो. या दोन्हींत मला विरोध वाटत नाही.

परतताना भाच्याला म्हटलं, "हिरोने शपथ घ्यायला नको होती. पूल उडवल्यावर खाली उतरून बसमध्ये कोण होतं ते बघायला हवं होतं. त्यांच्या घरी जायला हवं होतं."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मामू, ऐसा पिक्चर तो बहुत लंबा होएगा."

होईल खरा.